खोलीतली तिसरी : विल्यम स्ट्रॅम्पेल यांना खुलं पत्र

विल्यम स्ट्रॅम्पेल,

30 जुलै 2014 रोजी तुम्ही एक ई-मेल लिहिलात. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ऑस्टिओपॅथिक मेडिसिन महाविद्यालयाचे तुम्ही तेव्हा डीन होतात आणि मेल तुमच्या हाताखालच्या लॅरी नासर या डॉक्टरला होता. त्यातल्या अटी मला पाठ आहेत. शरीराच्या नाजूक भागाजवळ उपचार करायचे असतील तेव्हा खोलीत आणखी कुणीतरी हवं, रेसिडेंट किंवा नर्स. पद्धत अशी बदलायची की त्या भागात त्वचेला त्वचेचा स्पर्श शक्यतो होऊच नये. स्पर्श टाळता येणारच नसेल तर रुग्णाला आधी सगळं सविस्तर सांगायचं, आणि ते सांगताना व उपचार करताना, दोन्ही वेळा ती तिसरी व्यक्ती समोर हवी. नव्यानं कामाला येणाऱ्यांनाही हे समजावून द्यायचं.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. 25 वर्षं खेळाडूंचे गुडघे, खांदे, कंबर आणि जांघा या हातांखालून गेल्या आहेत. क्रीडावैद्यकाच्या खोलीत काय पाळायचं ते चार ओळींत लिहून द्या, असं उद्या मला कुणी सांगितलं तर मी जवळजवळ हेच लिहीन. तुमच्यावरच्या माझ्या रागाचं मूळ इथं आहे. ज्याला ठाऊक नसतं त्याला शिकवता येतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ते तुम्ही कागदावर उतरवलंत, पाठवून दिलंत आणि पुन्हा त्याकडे पाहिलं नाहीत.

त्या अटी का लिहाव्या लागल्या हे इथल्या वाचकांना सांगायला हवं. मार्च 2014 मध्ये अमँडा थॉमशो नावाची तरुणी दुखऱ्या खुब्यासाठी तुमच्या क्रीडावैद्यक क्लिनिकमध्ये गेली. शाळेत चिअरलीडिंग करताना झालेली जुनी दुखापत होती. खोलीत सुरुवातीला एक महिला रेसिडेंट होती. नासरनं तिला बाहेर पाठवलं, असं थॉमशोनं सांगितलं आहे. त्यानंतर उपचार म्हणून त्यानं जे केलं, ते उपचार नव्हते. तिनं तक्रार केली. विद्यापीठानं चौकशी लावली आणि 4 जाणकारांचं मत घेतलं. चौघंही विद्यापीठाशी बांधलेले, चौघंही नासरला ओळखणारे. निष्कर्ष निघाला की लैंगिक छळ झालेलाच नाही, वैद्यकीय उपचार आणि छळ यांतला बारीक फरक या मुलीला कळलेला नाही. अहवालाच्या दोन प्रती निघाल्या. या पद्धतीमुळे रुग्णांना नाहक मानसिक त्रास होतो आणि संस्था अडचणीत येऊ शकते, हा इशारा विद्यापीठाच्या प्रतीत होता. थॉमशोच्या हातात जी प्रत पडली तिच्यात तो नव्हता.

म्हणजे तुमच्या टेबलावरच्या कागदात धोका लिहिलेला होता. तुम्ही चार अटी घातल्यात आणि माणूस कामावर परत घेतलात. पोलिसांचा तपास तेव्हा संपलेला नव्हता. पुढचे 16 महिने तो सुरू होता आणि त्या सगळ्या काळात नासर रुग्ण तपासत होता. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याची कसलीही सोय तुम्ही केली नाहीत. नर्सला विचारलं नाहीत, केसपेपर मागवला नाहीत, एखाद्या दुपारी सहज म्हणून क्लिनिकच्या दारात उभे राहिला नाहीत. क्लिनिकमधल्या सहकाऱ्यांपर्यंतही त्या अटी पोचल्या नाहीत, असं पुढे निघालं. ज्या नियमाची खबर फक्त आरोपीला असते, त्याला नियम म्हणायचं कसं? तुम्ही मेल धाडून स्वतःची बाजू सुरक्षित केलीत, एवढंच त्या दिवशी घडलं.

2017 मध्ये पोलिसांनी याचा जाब विचारला तेव्हा तुम्ही सांगितलंत की नासर चौकशीतून निर्दोष सुटला होता, तेव्हा पाठपुरावा करायची गरज वाटली नाही, आणि त्या अटी तर वैद्यकाच्या बाराखडीतल्या होत्या. बाराखडी होती हे खरं आहे. पण ती न गिरवणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात बसला होता आणि पाटी तपासणं हे तुमचं काम होतं. त्याच कामाचा पगार तुम्ही 2002 पासून घेत होतात.

सप्टेंबर 2016 मध्ये इंडियानापोलिस स्टार या वृत्तपत्रात नासरच्या एकेकाळच्या रुग्ण रेचल डेनहॉलंडर यांनी स्वतःच्या नावानिशी तोंड उघडलं, तेव्हा कुठे 20 सप्टेंबरला नासरची नोकरी गेली. जुलै 2014 आणि सप्टेंबर 2016 यांच्यामध्ये जे पडतात ते महिने मी पुन्हा पुन्हा मोजते. त्या दोन वर्षांत नासरच्या तपासणीच्या टेबलावर ज्या मुली झोपल्या, त्या प्रत्येकीच्या वेळी तुमच्या चार अटी अस्तित्वात होत्या. एखादी तरी अट कुणी तपासली असती तर त्यांतल्या काही मुलींना जानेवारी 2018 मध्ये लान्सिंगच्या न्यायालयात उभं राहावं लागलं नसतं. सात दिवस 156 जणी बोलत होत्या. नासरला आधी केंद्रीय न्यायालयात 60 वर्षांची शिक्षा झालेली होती, इथं 40 ते 175 वर्षांची झाली.

त्याच्याविषयी जगभर लिहून झालं आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण तुमच्या खटल्यात जे बाहेर आलं त्यानं माझ्या धंद्याविषयीची एक गोष्ट मला पहिल्यांदा धडपणे कळली.

तुम्हाला मार्च 2018 मध्ये अटक झाली. जून 2019 मध्ये ज्यूरीनं तुम्हाला कर्तव्यात जाणूनबुजून कुचराई केल्याबद्दल आणि पदाचा गैरवापर केल्याबद्दल दोषी ठरवलं. लैंगिक हल्ल्याच्या आरोपातून तुम्ही सुटलात, हेही इथं नोंदवते. पदाचा गैरवापर कसला? तर तुमच्याच महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींचा. परीक्षेतल्या अडचणी घेऊन, पुढच्या शिक्षणाची काळजी घेऊन त्या डीनच्या खोलीत येत, आणि तुम्ही त्यांच्या कपड्यांवर, अंगावर बोलत होतात. एकीला तुम्ही उभं राहून गोल फिरायला सांगितलंत, तिचं शरीर नीट पाहता यावं म्हणून. डॉक्टर व्हायला आलेली मुलगी होती ती. पास-नापास तुमच्या हातात, पुढची शिफारसपत्रं तुमच्या हातात. तिनं कुठे जाऊन सांगायचं होतं? तक्रार वर जाते असं म्हणतात. तिच्या वर तुम्हीच होतात.

आता तुमचीच पहिली अट पुन्हा वाचा. खोलीत आणखी कुणीतरी हवं, रेसिडेंट किंवा नर्स.

ती रेसिडेंट कोण असते, स्ट्रॅम्पेल? अशाच एखाद्या महाविद्यालयातून तीनचार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलगीच ना? साहेबांसमोर गप्प राहायचं, गोल फिर म्हटलं की फिरायचं, हे जिला तुमच्यासारख्याच्या केबिनमध्ये शिकवलं गेलं, तिनं क्लिनिकच्या खोलीत जगप्रसिद्ध डॉक्टरचा हात धरून थांबा म्हणावं, अशी तुमची अपेक्षा होती? बाहेर जा म्हटल्यावर ती बाहेर जाणारच. तुमच्या अटीचा सगळा भार ज्या एका व्यक्तीच्या धैर्यावर होता, ते धैर्य मोडायचं काम तुम्ही त्याच इमारतीत वर्षानुवर्षं करत होतात. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आणि रुग्णाचा छळ यांच्यासाठी आम्ही दोन वेगळ्या फाइली ठेवतो, दोन वेगळ्या समित्या बसवतो. तुमचा खटला वाचल्यापासून मला त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. डीनच्या केबिनचं दार आणि उपचाराच्या खोलीचा पडदा एकाच भिंतीत आहेत.

क्रीडावैद्यकात तर ही भिंत फारच पातळ असते. आमचं काम म्हणजेच स्पर्श. ताणलेला स्नायू बोटांनी शोधावा लागतो. जांघेचं दुखणं जांघेतच तपासावं लागतं. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे उपचार हे खरे, शास्त्रशुद्ध उपचार आहेत, ते शरीराच्या आतूनही करावे लागतात, आणि अनेक बायकांना त्यांनी वर्षानुवर्षांच्या वेदनेतून सोडवलं आहे. ते करणारी फिजिओ आधी आकृती दाखवते, का आणि कसं ते सांगते, लेखी संमती घेते, हातमोजे घालते, चादरीनं अंग झाकते, अर्ध्यावर थांब म्हटलं तर थांबते आणि केसपेपरवर सगळं लिहिते. नासरनं यांतलं काय केलं? हातमोजे नाहीत, संमती नाही, नोंद नाही. तुम्ही स्वतः ऑस्टिओपॅथ. या तीन गोष्टी नसल्या की ते काय असतं, हे ओळखायला तुम्हाला आणखी कुणी जाणकार लागत नव्हता.

आणि हे सगळं नेहमी क्लिनिकमध्येच होतं असंही नाही. खेळाडूंवर हॉटेलच्या खोलीत उपचार होतात, शिबिराच्या डॉर्मिटरीत होतात, मैदानाच्या कडेला, बसमध्ये होतात. नासर अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचाही डॉक्टर होता; तो मुलींना हॉटेलच्या खोल्यांत तपासायचा, टेक्सासमधल्या कॅरोली रँचवरच्या शिबिरात तपासायचा, घरीसुद्धा बोलवायचा. संघाचा डॉक्टर खेळाडूला खेळू देतो किंवा बसवतो. 15 वर्षांच्या मुलीच्या दृष्टीनं तिचं ऑलिंपिक त्या माणसाच्या सहीत असतं. अशा माणसाला ती नको म्हणेल, असं गृहीत धरून जी व्यवस्था चालते ती मुलीच्या जिवावर चालते.

खोलीत तिसरं कुणी असलं की भागलं, असंही मी म्हणणार नाही. कित्येकदा खोलीत मुलीची आई होती. खुर्चीवर बसलेली, डॉक्टरशी गप्पा मारणारी. नासर असा उभा राहायचा की तिला त्याचे हात दिसू नयेत. त्या आयांनी पुढे न्यायालयात काय सोसलं ते मी चित्रफितींत पाहिलं आहे आणि पुन्हा पाहणार नाही. म्हणून आता माझ्या खोलीत तिसऱ्या व्यक्तीची खुर्ची प्लिंथच्या, म्हणजे तपासणीच्या टेबलाच्या, कुठल्या बाजूला असावी हेसुद्धा ठरलेलं आहे. तिथून माझे दोन्ही हात दिसले पाहिजेत. हात दिसले नाहीत तर तिनं विचारायचं, आणि विचारल्याबद्दल तिला कुणी डोळे वटारायचे नाहीत.

ऑक्टोबर 2016 मध्ये, बातम्या येऊ लागल्यावर, तुम्ही विद्यार्थ्यांसमोर बोललात. रुग्णांवर विश्वास ठेवू नका, डॉक्टरांना अडकवायला रुग्ण खोटं बोलतात, अशा अर्थाचं तुम्ही बोललात, असं तिथल्यांनी सांगितलं आहे. उद्याचे डॉक्टर होते समोर. त्यांना तुम्ही हा धडा दिलात. 1997 मध्येच एका 16 वर्षांच्या जिम्नॅस्टनं विद्यापीठातल्या प्रशिक्षिकेला नासरविषयी सांगितलं होतं. 2000 च्या सुमारास एका सॉफ्टबॉलपटूनं ट्रेनरना सांगितलं होतं. दोघींनी हे जाहीरपणे सांगितलं आहे. ज्यांनी ऐकायचं त्यांनी 20 वर्षं कान बंद ठेवले, आणि तुमच्या मते खोटं कोण बोलत होतं, तर रुग्ण.

विद्यापीठानं 2018 मध्ये पीडितांना 50 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. 2019 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं विद्यापीठाला 45 लाख डॉलरचा दंड केला. अध्यक्षांना पद सोडावं लागलं. तुम्हाला वर्षभराचा तुरुंगवास झाला, तोही पुरता भोगावा लागला नाही. हे आकडे मी हिशेबासाठी देत नाही. एका दुपारी क्लिनिकपर्यंत चालत जायला तुम्हाला एक डॉलरही पडला नसता, म्हणून देते.

अमेरिकेतल्या डीनला पुण्याच्या बाईनं पत्र लिहायचं कारण काय, असं कुणी विचारेल. आमच्याकडे 2013 चा कायदा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्याच्या व्याख्येत रुग्णालय आणि नर्सिंग होम आहेत, आणि क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेचं ठिकाण हेसुद्धा स्वतंत्रपणे नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे क्रीडावैद्यकाची खोली दोन्हीकडून आत येते. पीडित महिला कुठल्याही वयाची असू शकते, तिथं नोकरीला असो वा नसो. म्हणजे रेसिडेंटही आली, नर्सही आली, टेबलावरची खेळाडूही आली. जिथं 10 किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथं अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तुमच्या चौकशीतले चारही जाणकार घरचे होते, ते वाचताना मला या बाहेरच्या एका खुर्चीची किंमत कळली.

पण कागदावर आमच्याकडेही सगळं आहे. तुमच्या मेलमध्येही सगळं होतं. जानेवारी 2023 मध्ये आमच्या देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला क्रीडा संघटनांना नोटिसा पाठवून विचारावं लागलं की कायद्यानं सांगितलेल्या समित्या तुमच्याकडे आहेत का. कायदा होऊन तेव्हा 10 वर्षं झाली होती. किती तरी शिबिरांत मी गेले आहे जिथं समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर होती, आणि त्यातली एक बदली होऊन गेलेली, एकीला आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. तिथल्या मुलींना समितीचा फोन नंबर विचारा, सांगता येणार नाही. तक्रारीला मुदत 3 महिन्यांची, समितीनं ठरवलं तर आणखी 3. सतरा वर्षांच्या मुलीला झालं ते काय होतं हे कळायलाच कधी कधी त्याहून जास्त काळ लागतो.

आणखी एक कारण आहे पत्र लिहायचं. ते मी आजवर कुणाला लिहून कळवलेलं नाही.

इंटर्न होते तेव्हा एका शिबिरात मला एका वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली दिलं होतं. नाव सांगत नाही. संघाचा मुक्काम लॉजवर होता आणि उपचाराची खोली म्हणजे त्यांचीच खोली. एका संध्याकाळी एक धावपटू मुलगी मांडी धरून आली. जेमतेम दहावी झालेली. सरांनी तिला पलंगावर झोपायला सांगितलं आणि मला म्हणाले, जा गं, खाली जाऊन बर्फ घेऊन ये. मी गेले. काउंटरवर बर्फ नव्हता, म्हणून रस्त्यापलीकडच्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले. परत येईतो वीसेक मिनिटं झाली असतील. दार लोटलेलं होतं. मुलगी उठून बसली होती, पाय खाली सोडून, आणि माझ्याकडे पाहत नव्हती. बर्फ लावू का, मी विचारलं. नको ताई, म्हणाली.

मी तिला काही विचारलं नाही. माझ्या लॉगबुकवर सरांची सही व्हायची बाकी होती. तिथं काही झालं की नाही झालं हे मला आजही सांगता येत नाही, आणि हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते मोजवत नाही. थॉमशोच्या खोलीतून बाहेर पाठवलेल्या त्या रेसिडेंटविषयी वाचलं तेव्हा मी तिला दोष देऊ शकले नाही. पाठवणाऱ्याला देते. आणि पाठवलं तर जायचं नाही, तुझी नोकरी मी सांभाळेन, असं तिला सांगण्याचं ज्याचं काम होतं, त्याला, म्हणजे तुम्हाला, त्याहून जास्त देते.

माझ्या विभागात येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला पहिल्या दिवशी मी एक गोष्ट सांगते. पडदा ओढलेला असताना खोलीतून जायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली तुझं नाव असतं, आत किती वाजता आलीस आणि किती वाजता निघालीस ते असतं, आणि ते तू स्वतः लिहायचंस. तुझ्या मूल्यमापनावर माझी एकटीची सही नसेल, दुसऱ्या विभागातल्या मॅडमचीही असेल. ही दुसरी सही मिळवायला मला व्यवस्थापनाशी आठ महिने भांडावं लागलं. त्यांना ते अविश्वासाचं वाटत होतं.

गेल्या पावसाळ्यात एका खो-खोपटू मुलीची जांघ तपासत होते. स्नायू चांगलाच सुजला होता. कामाच्या नादात मी मान वर न करता म्हणाले, अगं, जरा बर्फ आण.

खुर्ची हलली नाही.

मी वर पाहिलं. इंटर्न मुलगी मांडीवर केसपेपर घेऊन ताठ बसली होती. चेहरा घाबरलेला, कान लाल. मॅडम, पडदा आहे, ती म्हणाली. मग प्लिंथवरची मुलगी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघू लागली.

मी तपासणी पुरी केली, चादर नीट केली, पडदा सरकवला, आणि बर्फ आणायला स्वतः गेले.

– एक फिजिओथेरपिस्ट, पुणे